रस्त्यावरचा नायट्रोजन डायऑक्साइड मोजताना: धातू-ऑक्साइड सेन्सर निवडण्यापासून पारखण्यापर्यंत

विज्ञान प्रदर्शनात हवा मोजणारं यंत्र आता हमखास असतं. छोटा पडदा, त्यावर 'नॉक्स ३.२ पीपीएम' असा आकडा (नॉक्स म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, पीपीएम म्हणजे दहा लाख रेणूंमागे किती रेणू) आणि शेजारी उभा असलेला नववीतला मुलगा. त्या मुलाचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि तो आकडा पाहून काळजीही वाटते. नायट्रोजन डायऑक्साइडचे ३.२ पीपीएम म्हणजे घनमीटरमागे सुमारे ६००० मायक्रोग्रॅम. आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे त्या सभागृहातली हवा मर्यादेच्या पंचाहत्तरपट घाण होती, असं यंत्र सांगत होतं. मुलाची मेहनत खरी होती, पण सेन्सर काय सांगतो हे त्याला कुणी नीट समजावलं नव्हतं. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या शिक्षकांसाठी.

आधी एककांचा हिशेब पक्का करू, कारण पुढे प्रत्येक पायरीवर तो लागेल. २५ अंश सेल्सिअसला नायट्रोजन डायऑक्साइडचा १ पीपीबी, म्हणजे एक अब्ज रेणूंमागे एक रेणू, हा १.८८ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर भरतो. आपली ८० मायक्रोग्रॅमची मर्यादा त्यामुळे साधारण ४२ पीपीबी होते. वर्षाच्या सरासरीची मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे २१ पीपीबी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वार्षिक सरासरीसाठी सुचवलेला आकडा १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे जेमतेम ५ पीपीबी. आपल्याला या पट्ट्यात काम करायचं आहे. पीपीएममधला आकडा दाखवणारं यंत्र रस्त्यावरच्या हवेबद्दल बोलतच नसतं.

सेन्सरच्या आत काय घडतं

आत कथिल, टंगस्टन किंवा इंडियम यांच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. हे अर्धवाहक आहेत आणि त्यांत वीज इलेक्ट्रॉन वाहून नेतात. थर एकसंध नसून नॅनोमीटर मापाच्या बारीक कणांचा असतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला एका कणावरून दुसऱ्या कणावर, त्यांच्या सांध्यातून जावं लागतं. सगळी गोष्ट या सांध्यांवर घडते.

थर तापवला की हवेतला ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि आतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. कणाच्या कडेला काही नॅनोमीटर जाडीचा, इलेक्ट्रॉन नसलेला पट्टा तयार होतो. सांधा अवघड होतो, रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. स्वच्छ हवेतली ही स्थिती म्हणजे आपली बेसलाइन.

आता नायट्रोजन डायऑक्साइड आला. इलेक्ट्रॉन ओढण्यात तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी हावरा आहे. इलेक्ट्रॉनची ओढ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मोजली तर ऑक्सिजनच्या रेणूची सुमारे ०.४५ आणि याची सुमारे २.३ भरते. म्हणून भोवती प्रचंड ऑक्सिजन असूनही अब्जात वीस-तीस रेणू आपली छाप पाडतात. रिकामा पट्टा रुंदावतो आणि रोध आणखी वाढतो. कार्बन मोनॉक्साइड, अल्कोहोल, स्वयंपाकाचा गॅस हे वायू बरोबर उलट वागतात. ते पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी संयोग पावतात, अडकलेले इलेक्ट्रॉन परत थरात जातात आणि रोध उतरतो.

इथेच एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. सेन्सर नायट्रोजन डायऑक्साइड मोजत नाही, तो रोध मोजतो. त्या रोधात नायट्रोजन डायऑक्साइड असतो, ओझोन असतो, पाण्याची वाफ असते, शेजारच्या घरातली फोडणीही असते. या गर्दीतून आपल्याला हवा तो एक वायू वेगळा काढणं, हेच या लेखातलं पुढचं सगळं काम.

आणि नायट्रिक ऑक्साइडचं काय? गाडीच्या नळीतून मुख्यतः तोच बाहेर पडतो. हवेतल्या ओझोनशी संयोग झाला की त्याचा डायऑक्साइड होतो. आपल्या सेन्सरला नायट्रिक ऑक्साइड अंधुक आणि बेभरवशाचा दिसतो. म्हणून यंत्रावर 'नॉक्स' लिहू नका. 'नायट्रोजन डायऑक्साइड' एवढंच लिहा.

सेन्सर कोणता घ्यायचा

धातू-ऑक्साइड सेन्सरचा जन्म गॅसगळतीच्या भीतीतून झाला. १९६२ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठात तेत्सुरो सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरावर वायू ओळखता येतो हे दाखवलं. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी पेटंटसाठी अर्ज केला. घरगुती सिलिंडरच्या गळतीचा इशारा देणं हा तागुचींचा ध्यास होता. बाजारातल्या स्वस्त सेन्सरांवर ती छाप अजून आहे. दुकानात 'एअर क्वालिटी सेन्सर' मागितला की एमक्यू-१३५ हाती येतो. अमोनिया, अल्कोहोल, बेन्झीन यांसारखे वायू दहा पीपीएमच्या पुढे असतील तेव्हाचं ते साधन आहे. त्याच्या माहितीत नॉक्सचं नाव येतं म्हणून फसू नका. वीस पीपीबीच्या कामाला तो पुरत नाही.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी खास घडवलेला सेन्सर घ्या. एमआयसीएस-२७१४ हा एकाच थराचा. एमआयसीएस-४५१४ मध्ये त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडचाही थर असतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण दोन थर शेजारी असले की धूर आला, वाऱ्याची दिशा बदलली, उदबत्ती लागली हे ओळखायला मदत होते. उत्पादक मोजमापाची खालची सीमा ०.०५ पीपीएम, म्हणजे ५० पीपीबी सांगतो. आपल्याला त्याच्याही खाली जायचं आहे. ते जमतं, पण मेहनत आणि तासाभराची सरासरी यांच्या बळावरच.

गाडीच्या धुराड्यातला नॉक्स सेन्सर भंगारातून काढून वापरता येईल का, असं मला अनेकदा विचारतात. तो झिर्कोनियाचा विद्युत-रासायनिक सेन्सर असतो. त्याची जात वेगळी, तापमान वेगळं, सर्किटही वेगळं. त्याच्या मागे लागू नका.

हीटर

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी थर साधारण २०० ते २५० अंशांच्या आसपास तापलेला लागतो. यापेक्षा खूप थंड ठेवला तर चिकटलेले रेणू सुटायला तयार नसतात, आणि एकदा चढलेला आकडा तासन्‌तास खाली येत नाही. फार तापवला तर रेणू टिकतच नाहीत आणि संकेत विझतो. म्हणून हीटर म्हणजे केवळ 'वीज द्या, झालं' असं प्रकरण नाही.

एमआयसीएस-२७१४ च्या हीटरला सुमारे १.७ व्होल्ट आणि २६ मिलिअँपिअर लागतात. ५ व्होल्टवरून द्यायचं तर मध्ये साधारण १३० ओहमचा रेझिस्टर मालिकेत लावा. थेट ५ व्होल्ट लावले तर हीटर कायमचा जातो. हे २६ मिलिअँपिअर मायक्रोकंट्रोलरच्या पिनमधून घेऊ नका. त्यासाठी वेगळा, स्थिर रेग्युलेटर ठेवा. मोबाईल चार्जरचं व्होल्टेज जरा हललं की थराचं तापमान हलतं, आणि तुम्हाला वाटतं की रस्त्यावर ट्रक आला.

वीज वाचवायला हीटर मधूनमधून बंद करण्याचा मोह होतो. सुरुवातीला तरी करू नका. थर थंड झाला की वाफ आणि इतर वायू बसतात, आणि पुन्हा स्थिर व्हायला वेळ जातो.

रोध वाचण्याचं सर्किट

सेन्सर आणि लोड रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा साधा रेझिस्टर, मालिकेत जोडा. वर सेन्सर, खाली लोड रेझिस्टर, आणि मधल्या बिंदूचं व्होल्टेज मोजा. मग:

सेन्सरचा रोध = लोड रेझिस्टर × (पुरवठ्याचं व्होल्टेज ÷ मोजलेलं व्होल्टेज − १)

समजा पुरवठा ३.३ व्होल्ट आहे आणि लोड १० किलोओहम. मधल्या बिंदूवर २.३५७ व्होल्ट आले तर सेन्सर ४ किलोओहमवर आहे. ते २.०६२ वर उतरले तर रोध ६ किलोओहम झाला. या जोडणीत वायू वाढला की व्होल्टेज उतरतं, हे लक्षात ठेवा. अनेकांचे आलेख इथे उलटे होतात. स्वच्छ हवेत हा सेन्सर ०.८ ते २० किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. दोन सेन्सर एकाच पाकिटातून आले तरी सारखे नसतात. म्हणून आधी तुमच्या सेन्सरचा रोध पाहा आणि लोड रेझिस्टर त्याच्या जवळपासचा किंवा थोडा मोठा निवडा. ८२० ओहमच्या खाली मात्र जाऊ नका, थरातून जास्त प्रवाह जातो.

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा अंगचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणारा भाग, या कामाला सरळ नाही. एडीएस१११५ हा सोळा बिटांचा एडीसी जोडा, तोही ३.३ व्होल्टवर चालवा. एका वाहिनीवर मधला बिंदू आणि दुसरीवर पुरवठ्याचं व्होल्टेज मोजा. दोघांचं गुणोत्तर घेतलं की पुरवठ्यातली हालचाल हिशेबातून निघून जाते. शेजारी बीएमई२८० लावा, तापमान आणि आर्द्रतेसाठी. दर दहा सेकंदांनी वाचा, मिनिटाची सरासरी कार्डवर लिहा.

आणि लिहायचा तो कच्चा रोध. पीपीबी नंतर काढता येतो. पीपीबीवरून रोध परत मिळत नाही, विशेषतः सूत्र चुकलं होतं हे दोन महिन्यांनी कळलं तर.

पेटी

ही पायरी लोक घाईत उरकतात. मीही उरकली होती. पहिली पेटी पावसापासून वाचावी म्हणून खिडकीला लावतात त्या सिलिकॉननं मी सगळ्या फटी बुजवल्या. काम सुबक झालं. सिलिकॉन सुकताना जी वाफ सोडतं ती तापलेल्या थरावर जाऊन वाळूसारख्या सिलिकाचा लेप बनते. चौथ्या दिवसापासून सेन्सर मंदावला आणि पुन्हा कधी जागा झाला नाही. तेव्हापासून पेटीत सिलिकॉन नाही, सिलिकॉन असलेला केसांचा सीरम किंवा फर्निचर पॉलिश हाताला असेल तर पेटी उघडायची नाही, हा माझा नेम आहे.

फटींना रबरी गॅस्केट लावा, तोंड खाली ठेवा. हवा आत घ्यायला लांब रबरी नळी वापरू नका. नायट्रोजन डायऑक्साइड भिंतींना चिकटतो, नळीतच अडकतो. सेन्सर तोंडाजवळ बसवा आणि पुढे टेफ्लॉनचा सच्छिद्र पडदा लावा. छोटा पंखा हवा खेळती ठेवेल, पण झोत थेट सेन्सरवर नको, थर गार होतो.

तापवण

नवा सेन्सर पहिले दोन दिवस वाहतच असतो. आकडा सतत सरकतो. किमान ४८ तास अखंड चालवा. पीपीबीत काम करायचं तर मी दोन आठवडे देतो आणि त्या काळातली नोंद हिशेबात धरत नाही.

मग एक साधी तपासणी करा. सॅनिटायझर लावलेला कापूस पेटीच्या तोंडापासून हातभर अंतरावर क्षणभर धरा. रोध झपकन उतरला पाहिजे आणि काही मिनिटांत परत यायला हवा. नंतर यंत्र स्वयंपाकघरात न्या आणि रिकामा बर्नर निळ्या ज्योतीवर पाच मिनिटं पेटता ठेवा. ज्योतीतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात, म्हणून रोध सावकाश चढायला हवा. कढईत तेल टाकलंत की चित्र बिघडेल, तेव्हा ही चाचणी फोडणीच्या आधी घ्या. तांब्याची तार आणि नायट्रिक आम्ल घेऊन घरी वायू तयार करण्याचा प्रयोग मात्र कुणीही करू नये. तो तपकिरी वायू फुफ्फुसांत काही तासांनी पाणी भरू शकतो, आणि श्वास घेताना धोका लक्षातही येत नाही.

पाण्याची वाफ

वाफेचे रेणू थरावर बसून इलेक्ट्रॉन परत करतात, रोध उतरवतात आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठीची जागाही अडवतात. महाराष्ट्रात ही अडचण फार मोठी आहे, कारण आपल्याकडे एप्रिलची आणि जुलैची हवा म्हणजे जणू दोन वेगळे देश.

इथे बहुतेक जण सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी घेऊन दुरुस्ती करतात. ती घेऊ नका. २०० अंशांवर तापलेल्या थराला टक्केवारी कळत नाही, त्याला घनमीटरमध्ये किती ग्रॅम पाणी आहे तेवढंच कळतं. उदाहरण घ्या. डिसेंबरच्या सकाळी १२ अंश आणि ९० टक्के असेल तर घनमीटरमागे साधारण साडेनऊ ग्रॅम पाणी असतं. जुलैत २४ अंश आणि तेच ९० टक्के असेल तर साडेएकोणीस ग्रॅम. टक्केवारी एक, पाणी दुप्पट. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि १५ टक्क्यांना ते सातच्या आसपास उतरतं.

तापमान आणि टक्केवारीवरून हे ग्रॅम काढायचं सूत्र सहज मिळतं. यात एक सोय आहे. हीटरमुळे पेटी दोन-तीन अंश गरम झाली तरी तापमान आणि टक्केवारी एकाच जागी मोजलेली असल्यानं ग्रॅमचा आकडा बरोबर राहतो.

ओझोन

हा सर्वांत कठीण भाग. ओझोनही इलेक्ट्रॉन ओढतो, तोही रोध वाढवतो, आणि नुसता आलेख पाहून दोघांत फरक करता येत नाही. पण त्यांची वेळ वेगळी असते. नायट्रोजन डायऑक्साइड वाहतुकीबरोबर सकाळी आणि संध्याकाळी चढतो. दुपारी ऊन त्याला फोडतं, आणि त्याच्या फुटण्यातूनच ओझोन तयार होतो. म्हणून ओझोन दुपारी शिगेला असतो. आठवडाभराच्या नोंदीची तासागणिक सरासरी काढा. तुमच्या यंत्राचा कळस दुपारी दोन-तीनला येत असेल तर तुम्ही ओझोन मोजत आहात.

उपाय दोन. सेन्सरच्या तोंडाशी मँगनीज डायऑक्साइडचा गाळणीथर ठेवला तर ओझोन तिथेच मोडतो आणि नायट्रोजन डायऑक्साइड बऱ्याच अंशी पुढे जातो. दोन सेन्सर असतील तर एकाला गाळणी लावा, एक उघडा ठेवा. दोघांतला फरक पाहून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त. दुसरा उपाय जागेचा. गर्दीच्या रस्त्याला खेटून ओझोन मुळातच कमी असतो, कारण ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. टेकडीवर नेमकं उलट. त्यामुळे रस्त्याकडेला पारखलेलं यंत्र टेकडीवर नेऊन आकडे सांगू नका.

सरकारी केंद्राशेजारी पारख

आता रोधाचे पीपीबी करायचे. माहितीपत्रकातला आलेख स्वच्छ प्रयोगशाळेतल्या हवेचा असतो, तो तुमच्या रस्त्याला लागू पडत नाही. त्यावरून एवढंच घ्या की या सेन्सरमध्ये रोध आणि वायूचं प्रमाण जवळपास सरळ रेषेत वाढतात. म्हणून साधं समीकरण पुरतं.

संदर्भासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजणारं स्वयंचलित केंद्र शोधा. पुण्यात कर्वे रस्त्यावर आहे, मुंबई, नागपूर, नाशिकमध्येही आहेत. तिथे नायट्रिक ऑक्साइडचा ओझोनशी संयोग घडवून त्यातून निघणारा प्रकाश मोजतात. ती पद्धत आपल्या पद्धतीपेक्षा कितीतरी खात्रीची. परवानगी मिळाली तर यंत्र केंद्राच्या आवारातच ठेवा. शाळेच्या लेटरहेडवर विनंती केली तर काम सोपं होतं. नाही मिळाली तर त्याच रस्त्यावरच्या, शक्य तितक्या जवळच्या गच्चीवर ठेवा.

चार आठवडे राहू द्या. केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवरून तासाचे आकडे उतरवा. तिथे एक सापळा आहे. नायट्रोजन डायऑक्साइड मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि शेजारच्याच रकान्यातला नॉक्स पीपीबीत. चुकीचा रकाना उचलून आठवडे वाया घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

तुमच्या मिनिटांच्या नोंदींची तासाची सरासरी काढा. घड्याळ केंद्राशी जुळतंय ना ते पाहा. मग पहिल्या तीन आठवड्यांवर हे समीकरण बसवा:

नायट्रोजन डायऑक्साइड = क + ख × रोध + ग × पाण्याचे ग्रॅम + घ × तापमान

कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे होतं. केंद्र ओझोनही मोजत असेल तर तो पाचवा पद म्हणून घाला, आणि त्यानं किती फरक पडतो ते लिहून ठेवा.

चौथा आठवडा आतापर्यंत बाजूला ठेवलेला असायला हवा. समीकरण त्यावर चालवा आणि केंद्राच्या आकड्यांशी तुलना करा. सरासरी चूक १० मायक्रोग्रॅमच्या आसपास आली तर यंत्र उत्तम जमलं. चूक दिवसभरातल्या चढ-उताराएवढी मोठी आली तर आकडा दाखवू नका, फक्त 'नेहमीपेक्षा जास्त' किंवा 'नेहमीपेक्षा कमी' एवढंच दाखवा. तेही उपयोगाचं असतं.

नंतरची देखभाल

थर म्हातारा होतो, बेसलाइन सरकते. मी वर्षातून दोनदा पारख करतो. एकदा मेअखेर आणि एकदा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात, कारण पावसाळ्यात बसवलेलं समीकरण हिवाळ्यात टिकत नाही. दरम्यान दर पंधरवड्याला पहाटे तीन ते पाचचा सर्वांत कमी रोध वहीत लिहितो. हवामान सारखं असून तो एका दिशेनं सरकत राहिला तर हवा नाही, सेन्सर बदलतोय.

सेन्सर बदलायची वेळ आली की जुना लगेच काढू नका. नव्याची तापवण पूर्ण झाल्यावर दोघे एका पेटीत निदान दोन आठवडे एकत्र चालवा. जुन्याचं समीकरण नव्याला लावू नका, नव्याचं स्वतंत्र बसवा, आणि वहीत तारीख टाकून दोघांच्या नोंदी वेगळ्या फाइलीत ठेवा.